लॉकरातले मोती

२०१९ च्या मे महिन्यातली गोष्ट. मुलीचे लग्न तीन आठवड्यांवर आले होते. हॉल, केटरर, भटजी, भारतातून येणाऱ्या पाहुण्यांच्या झोपायच्या सोयी या सगळ्या धबडग्यात एक काम मात्र मी मोठ्या हौसेने स्वतःकडे ठेवले होते, ते म्हणजे बँकेच्या लॉकरातून दागिने आणण्याचे. आईचा तीनपदरी तन्मणी, आजीची नथ आणि मोत्यांच्या कुड्या. आईने हे सगळे २००५ साली पुण्याच्या घरी माझ्या हातात ठेवले होते. "जपून ठेव गं," एवढेच ती म्हणाली होती. मी जपून ठेवले. झिपच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, त्यातली हवा दाबून काढून, पिशवी स्टीलच्या पेटीत आणि पेटी बँकेच्या तळघरात. चौदा वर्षे मी तिकडे फिरकले नाही. याहून अधिक जपणे कोणते असणार?

घरी येऊन पिशवी उघडली तेव्हा पहिल्यांदा वाटले की दिव्याचा उजेड कमी असावा. मोती पिवळट आणि निस्तेज दिसत होते. आईच्या गळ्यात पाडव्याला ज्यांच्यावर समईची ज्योत हलताना दिसे, ते हेच का? खिडकीशी नेऊन पाहावे म्हणून तन्मणी उचलला आणि दोरा तुटला. मोती टपटप गालिच्यावर सांडले. मी, मुलगी आणि माझे यजमान असे तिघे रात्री अकरापर्यंत टॉर्च घेऊन गुडघ्यांवर रांगत होतो. शेवटी व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीला जुना स्टॉकिंग बांधून उरलेसुरले मोती ओढून काढले. मुलीने सगळे एका वाटीत जमवले आणि विचारले, "आई, किती होते एकूण?"

मला माहीत नव्हते. मी कधी मोजलेच नव्हते.

हे पुराण सांगायचे कारण असे की आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी, किंवा घराऐवजी बँकेत, अशीच एखादी पिशवी असणार. सोन्याला असे ठेवले तर काही होत नाही. हिऱ्यालाही नाही. मोत्याला होते. त्या प्रसंगानंतर मी या विषयावर जे मिळेल ते वाचले, जाणकारांना विचारले. गंमत म्हणजे माझा व्यवसाय रसायनशास्त्राचा. तीस वर्षे प्रयोगशाळेत काढलेल्या बाईला हे आधीच कळायला हवे होते. ते कळले नाही याची भरपाई म्हणून हा लेख.

मोती हा दगड नव्हे

आपण मोत्याला नवरत्नांत बसवले, त्यामुळे तो माणिक-पाचूसारखाच एक खडा आहे असा समज होतो. पण माणिक जमिनीतून येते आणि मोती एका जिवाच्या पोटातून. शिंपल्यातल्या प्राण्याच्या मऊ अंगात काही खुपले, किंवा त्याच्या त्वचेच्या पेशी आत ढकलल्या गेल्या, की तो त्याभोवती आपल्याच शिंपल्याच्या आतल्या चकचकीत थराचा लेप चढवत जातो. हा लेप म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. खडू, संगमरवर आणि अंड्याचे कवच ज्याचे बनते तेच. मोत्यात ते साधारण ८० ते ९० टक्के असते. बाकीच्यात कॉन्किओलिन नावाचे प्रथिन आणि दोन-चार टक्के पाणी.

रचना मोठी सुरेख असते. कॅल्शियम कार्बोनेटच्या अतिशय पातळ चकत्या, एकेक सुमारे अर्धा मायक्रॉन जाडीची, म्हणजे मिलिमीटरचा दोनहजारावा हिस्सा, विटांसारख्या एकावर एक रचलेल्या असतात आणि प्रथिन हा त्यांच्यामधला चुना. या चकत्यांची जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या जवळपास असल्यामुळे निरनिराळ्या थरांवरून परतणारे किरण एकमेकांत मिसळतात आणि ती गुलाबी-हिरवट झाक दिसते. चमक नुसत्या वरच्या पृष्ठभागाची नसते, ती आतल्या थरांतूनही येते. आपल्या लोकांनी तिला 'पाणी' हा शब्द दिला तो किती नेमका! मोत्यात खरोखरचे पाणीही असते, आणि ते गेले की दुसरे पाणीही उतरू लागते.

आता या रचनेतून मोत्याच्या तिन्ही दुखण्यांचा उलगडा होतो. कॅल्शियम कार्बोनेट आम्लात विरघळते, म्हणून आंबट पदार्थ, घाम आणि अत्तरे त्याला सोसत नाहीत. प्रथिन कोरड्या हवेत वाळते, उष्णतेने आणि वयाने पिवळे पडते, म्हणून मोती निस्तेज होतो आणि क्वचित त्याला केसाएवढ्या चिरा जातात. आणि हे सारे प्रकरण मऊ असते. खनिजांचा कठीणपणा मोजण्याची जी मोहस् नावाची मोजपट्टी आहे, तिच्यावर हिरा १०, काच साडेपाचच्या आसपास, आणि मोती २.५ ते ४.५. आपले नख साधारण २.५. घरातल्या साध्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात आणि क्वार्ट्झ आहे ७. म्हणजे धूळ बसलेला मोती कोरड्या फडक्याने खसाखसा पुसणे हे पॉलिश पेपरने घासण्यासारखेच.

क्लिओपात्राने मोती व्हिनेगरमध्ये विरघळवून प्यायल्याची कथा प्लिनीने लिहून ठेवली आहे. पुष्कळ विद्वान तिला थाप मानत. २०१० साली न्यू जर्सीतल्या माँटक्लेअर स्टेट विद्यापीठाच्या प्रूडन्स जोन्स यांनी प्रयोग करून दाखवला की साध्या, पाच टक्के आम्लाच्या व्हिनेगरमध्येही मोती दीड-एक दिवसात विरघळतो. चांदीची भांडी चिंचेने घासायची आपली सवय मोत्याच्या दागिन्यावर का चालवू नये, हे यावरून ध्यानात येईल.

बसऱ्याचा मोती

आपल्या आज्या-पणज्यांच्या नथीतला मोती बहुधा 'बसऱ्याचा' असे. नाव बसऱ्याचे, पण हे मोती निघत आखातात, बहारीन, कुवेत, कतार यांच्या किनाऱ्यालगत. उन्हाळ्याचे महिने अरबी पाणबुडे नाकाला चिमटा आणि पायाला दगड बांधून, एका श्वासावर समुद्रतळाशी जात. निघालेल्या मालाची सर्वांत मोठी पेठ होती आपली मुंबई. आखातातले व्यापारी मोती घेऊन मुंबईला येत. तिथे त्यांची प्रतवारी होई, वेज पाडले जाई आणि मग ते पुण्या-बडोद्यापासून पॅरिसपर्यंत जात. विसाव्या शतकाच्या मध्यानंतरही काही वर्षे आखातात आपला रुपया चाले, तो याच जुन्या देवघेवीचा परिणाम. २०१२ साली युनेस्कोने बहारीनमधल्या मुहर्रकची मोत्यांची पेठ आणि तिथले शिंपल्यांचे समुद्रतळ जागतिक वारशाच्या यादीत घातले. आखातात राहणाऱ्या आपल्या मंडळींनी ते जरूर पाहावे. आपल्या घरातल्या नथीचे माहेर ते.

मोत्याचा त्या काळचा मान आज कल्पनेतही येणार नाही. पानिपतानंतर १७६१ मध्ये पेशव्यांना जी बातमी सावकारी भाषेतल्या पत्रातून कळली, तिच्यात मोहरा हरवल्या, खुर्दा किती गेला त्याची गणती नाही, असा मजकूर होता. पण विश्वासराव आणि भाऊसाहेब या दोघांसाठी शब्द वापरला होता मोती. इकडे अमेरिकेतही तेच. न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवर कार्तिए या जवाहिऱ्यांचे जे दुकान आहे, ती वास्तू त्यांना १९१७ साली दुपदरी मोत्यांच्या कंठ्याच्या आणि शंभर डॉलरच्या मोबदल्यात मिळाली. कंठ्याची किंमत तेव्हा दहा लाख डॉलर धरली होती. तोच कंठा १९५७ मध्ये लिलावात विकला गेला एक लाख एक्कावन्न हजारांना. वास्तूचे काय झाले ते सांगायला नकोच.

मधल्या काळात घडले ते असे. जपानमध्ये शेवयांचा धंदा करणाऱ्या घरातल्या कोकिची मिकिमोतो यांनी १८९३ मध्ये शिंपल्यात मुद्दाम कण घालून अर्धगोल मोती पिकवला. पुढच्या दोन दशकांत जपान्यांना पूर्ण गोल मोतीही साधला. मग १९२९ नंतरची मंदी आली आणि नैसर्गिक मोत्यांचा बाजार बसला. आखातात १९३२ साली बहारीनला तेल लागले आणि पाणबुड्यांनी समुद्र सोडला. तेव्हापासून नवा बसऱ्याचा मोती जवळजवळ येईनासाच झाला. म्हणून जुन्याची किंमत पुन्हा चढली. बडोद्याच्या खंडेराव महाराजांच्या जुन्या सातपदरी कंठ्यातले ६८ मोती ओवून केलेला दुपदरी हार २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सत्तर लाख डॉलरहून अधिक किमतीला गेला. आपल्या पिशवीत काही खंडेरावांचा हार नसतो, हे खरे. पण आजीच्या नथीतला मोती आज मागून मिळणारा नाही, एवढे मात्र लक्षात ठेवावे.

खरा, पिकवलेला आणि खोटा

इथे शब्दांचा घोटाळा होतो, म्हणून थोडक्यात सांगते. 'कल्चर्ड' मोती खोटा नव्हे. तो शिंपल्यातच होतो, फक्त सुरुवात माणसाने करून दिलेली असते. समुद्रातल्या कल्चर्ड मोत्यात आत शिंपल्याचाच एक कोरलेला मणी असतो आणि त्यावर मोत्याचा थर. स्वस्त मालात हा थर अगदी पातळ असतो, त्यामुळे तो लवकर झिजतो. गोड्या पाण्यातले, बहुतेक चीनहून येणारे कल्चर्ड मोती मात्र सहसा मण्यावाचून केलेले, म्हणजे आतपर्यंत मोतीच असतात. हैदराबादेत विकला जाणारा पुष्कळसा माल हा असतो. खोटा मोती म्हणजे काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या मण्यावर चकाकता लेप.

दाताच्या कडेवर मोती हळूच फिरवला की खरा, म्हणजे नैसर्गिक किंवा कल्चर्ड मोती किंचित खरखरीत लागतो आणि खोटा गुळगुळीत. ही परीक्षा ठीक आहे, पण नैसर्गिक आणि कल्चर्ड यांतला फरक तिने कळत नाही. नुसत्या डोळ्यांनीही खात्रीने सांगता येत नाही. त्याला एक्स-रेच लागतो. अमेरिकेत १९३१ साली स्थापन झालेल्या जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिकेच्या प्रयोगशाळेत हे काम होते. एखाद्या दुकानदाराने भिंगातून पाहून "हे साधे कल्चर्ड आहेत, पाहिजे तर बदलून देतो" म्हटले, तर घाई करू नये.

तिकडचे शहाणपण आणि इकडची हवा

आई मोती तांदळाच्या डब्यात ठेवत असे. मीही इथे आल्यावर काही वर्षे तेच केले. लग्नानंतर विचार केला तेव्हा कळले की आईचे बरोबर होते आणि माझे चूक. पुण्या-मुंबईच्या पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की रेशमाचा दोरा कुजतो, मखमलीच्या पेटीला बुरशी येते. तांदूळ ती ओल शोषून घेतो. इथे उलट. हिवाळ्यात घर तापवले की आतल्या हवेची आर्द्रता वीस टक्क्यांवर, कधी त्याच्याही खाली येते. ज्या हवेत आपले ओठ फुटतात, लाकडी फर्निचरला भेगा जातात, त्या हवेत मोती तांदळात पुरून ठेवणे म्हणजे तहानलेल्याच्या तोंडचे पाणी काढणे. बँकेच्या तळघरातली हवाही कोरडीच. लॉकरमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाकणाऱ्यांनीही मोत्यापुरत्या त्या बाहेर काढाव्यात.

रिठ्याचेही असेच. सोने उजळायला रिठा उत्तम, पण रिठ्याचे पाणी किंचित आम्लधर्मी असते. वर्षा-दोन वर्षांतून एकदा पटकन बुडवून स्वच्छ पाण्याने धुतले तर मोठेसे बिघडत नसेल, पण रात्रभर भिजत घालू नये. टूथपेस्ट आणि खायचा सोडा तर मुळीच नको. दोन्ही घासून चकाकी आणतात, आणि मोत्याची चकाकी घासण्याने येत नाही, जाते.

"मोती अंगावर घातला की उजळतो" हे मात्र आपल्याकडेही म्हणतात आणि इथल्या आज्याही म्हणतात. अंगाच्या तेलाने तो उजळतो अशी समजूत आहे. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ते तितकेसे खरे नाही, उलट घाम आम्लधर्मी असल्याने मोत्याला बाधतोच. पण सल्ला योग्य आहे, कारण वेगळे आहे. घातला की मोती कोरड्या पेटीतून मोकळ्या हवेत येतो, काढताना पुसला जातो, आणि दोरा सैल झाला असेल तर तो दिसतो. जो दागिना वर्षातून चार वेळा डोळ्यांखालून जातो, त्याचा दोरा चौदा वर्षांनी तुटत नाही.

रोजचा व्यवहार

आता नेमके काय करावे ते सांगते.

सगळ्या साजशृंगारात मोती शेवटी चढवावा आणि घरी आल्यावर पहिल्यांदा उतरवावा. अत्तर, हेअर स्प्रे, क्रीम, पावडर हे सगळे आधी उरकून, वाळू द्यावे. हळदीच्या कार्यक्रमात खरी नथ घालू नये. हळदीचा डाग मोत्यात आणि दोऱ्यात शिरतो आणि निघत नाही. जेवणाच्या वेळीही नथीला आमटीचा आणि लिंबाचा प्रसाद मिळतो, तेव्हा मुलींना नथ काढून ठेवायला सांगावे, किंवा जेवणानंतर लगेच पुसावी. पोहताना, भांडी घासताना मोत्याची अंगठी बोटात नको. क्लोरीन आणि डिटर्जंट दोन्ही वाईट.

उतरवल्यावर मऊ, धुवट मलमलीचा तुकडा पाण्यात भिजवून घट्ट पिळावा आणि त्याने एकेक मोती हलक्या हाताने टिपावा. मग कोरड्या मलमलीने टिपून, हार आडवा पसरून तासभर वाळू द्यावा. एवढ्याने नव्वद टक्के काम होते. फारच मळला असेल तर कोमट पाण्यात सौम्य साबणाचे चार थेंब घालून, त्यात कापड बुडवून पुसावे. मग साध्या पाण्याच्या फडक्याने साबण काढावा आणि रात्रभर आडवा वाळवावा. ओला रेशमी दोरा ताणला जातो, म्हणून ओला हार लटकवू नये आणि घालूही नये. खरे तर कोरडा हारही खुंटीला टांगून ठेवू नये.

तन्मणीचे खोड मात्र पाण्यात कधीच बुडवू नये. जुन्या कामात खडे बंद कोंदणात बसवलेले असतात आणि त्यांच्या मागे चमकदार वर्ख असतो. पाणी आत शिरले की वर्ख काळवंडतो आणि खडा मेल्यासारखा दिसतो. कुड्यांमधले मोतीही पुष्कळदा चिकटवलेले असतात. गरम पाण्याने आणि वाफेने ती चिकटवण सुटते.

यंत्राने साफ करून घेण्याबद्दल माझा अनुभव सांगते. लग्नाच्या घाईत मी कुड्या गावातल्या एका दुकानात दिल्या. काउंटरवरच्या मुलाने "दोन मिनिटांत चकाचक" म्हणून त्या अल्ट्रासॉनिक यंत्रात टाकल्या. एका कुडीतला एक मोती निखळून आला आणि दुसऱ्याच्या कडेचा पापुद्रा उडाला. हिऱ्यासाठी असलेले ते यंत्र द्रव जोराने थरथरवते, आणि मोत्यात आधीच बारीक चीर असेल तर ती उघडते. त्या मुलाचा दोष आहेच. पण त्याने मला विचारले नाही तसे मीही त्याला बजावले नाही. तेव्हा दागिना दुकानात देताना ठणकावून सांगावे : यंत्र नको, वाफ नको, अमोनियाचे पाणी नको.

ठेवण्यासाठी सुती किंवा रेशमी मऊ कापडाची पिशवी, प्रत्येक दागिन्याला वेगळी. हिऱ्याच्या आणि खड्यांच्या दागिन्यांशेजारी मोती मोकळा ठेवू नये, ओरखडे येतात. हवाबंद प्लॅस्टिकची पिशवी तर नकोच. काही प्लॅस्टिकमधून हळूहळू बाहेर पडणारी रसायने मोत्याच्या पृष्ठभागाला बाधतात. लॉकरमध्येच ठेवायचे असेल तर निदान वर्षातून दोनदा बाहेर काढावे. दिवाळी आणि पाडवा ही मुदत सोपी. घरी कपाटात ठेवत असाल तर हिवाळ्यात त्याच कपाटात, पण सांडणार नाही अशा बेताने, पाण्याची एक वाटी ठेवावी. हीटरच्या झरोक्याजवळ आणि खिडकीच्या उन्हात मोती नको.

पिवळा पडलेला मोती पुन्हा पांढरा होतो का? दुर्दैवाने नाही. पूर्वी जाणकार कारागीर मोत्याचा वरचा थर सोलून खालचा चांगला थर काढायचा प्रयत्न करत. पण तो जुगार, कारण खाली काय आहे ते सोलल्याशिवाय कळत नाही आणि मोती लहान होतो तो कायमचा. घरी ब्लीच लावणे तर शुद्ध वेडेपणा. गेलेले पाणी परत येत नाही, जे आहे ते राखता येते.

गाठवणे आणि मोजदाद

मोत्याच्या दागिन्याचे आयुष्य दोऱ्यावर असते. नेहमी वापरातला हार वर्षाला आणि कधीमधी घालायचा हार तीन-चार वर्षांनी पुन्हा गाठवून घ्यावा. ओळखायची खूण सोपी आहे. हार टेबलावर सरळ ठेवून मोती एका बाजूला सारावेत. दोरा उघडा दिसू लागला, किंवा वेजाशी तो काळा पडलेला असेल, तर वेळ झाली. इथल्या पद्धतीत दर दोन मोत्यांमध्ये गाठ मारतात, त्यामुळे दोरा तुटला तरी एखादाच मोती पडतो आणि मोती एकमेकांवर घासत नाहीत. आपल्या तन्मणीचे मोती बारीक, वेज अरुंद आणि पदर अनेक, म्हणून मधे गाठी नसतात. तुटला की सगळाच ओघळतो. तेव्हा त्याची काळजी दुपटीने घ्यावी.

गाठवायला देण्यापूर्वी प्रत्येक पदरातले मोती मोजावेत. दोन्ही बाजूंचे फोटो काढावेत, शेजारी मोजपट्टी ठेवून. वजन करून लिहून घ्यावे. कारागीर वाईट असतात असे नव्हे. पण जुना मोती आणि नवा मोती यांतला फरक आपल्याला कळत नाही हे समोरच्याला कळते, आणि तिथे मोह असतो. शक्य तर समोर बसून गाठवून घ्यावे.

हीच यादी विम्यालाही लागते. पुष्कळांना वाटते की बँकेत आहे म्हणजे सुरक्षित आहे. लॉकरातल्या वस्तूंना एफडीआयसीचे संरक्षण नसते, आणि घराच्या विम्यात दागिन्यांच्या चोरीची भरपाई साधारणपणे थोड्याच रकमेपर्यंत मिळते. वेगळी नोंद करून घ्यायची तर मूल्यमापन आणि फोटो लागतातच.

आणि एक यादी विम्यासाठी नव्हे, मुलांसाठी करावी. कोणता दागिना कुणाचा, कधीचा, कुठे केला, कोणी कोणत्या प्रसंगी घातला. आपण आहोत तोवर हे आपल्या डोक्यात असते. इथे वाढलेल्या मुलांना आपल्यानंतर पिशवी सापडेल तेव्हा तिच्यात पिवळट मणी असतील, आणि ती ते दुकानदाराकडे नेऊन विचारतील की याचे किती येतील.

चार सोन्याचे मणी

लग्नात मुलीने नथ घातली. तन्मणी वाटीतच राहिला. त्याच वर्षी डिसेंबरात मी ती वाटी पुण्याला घेऊन गेले आणि रविवार पेठेतल्या एका वयस्कर पटवेकऱ्यांपुढे ठेवली. त्यांनी मोती पांढऱ्या फडक्यावर पसरले आणि बोटाने सारत लहान-मोठ्या जोड्या लावायला सुरुवात केली. तन्मणीत खोडाच्या दोन्ही अंगांना जोडीचे मोती असतात. तासाभराने ते म्हणाले, "ताई, चार मोत्यांना जोडीदार नाहीत."

म्हणजे चार हरवले. गालिच्यात, व्हॅक्यूममध्ये, की आईच्याच वेळी, कोण जाणे. त्यांनी शोधून तशाच रंगाचे घालतो म्हटले. त्यांच्याकडे होतेही. पण मी नको म्हटले. शेवटी गळ्यामागे, केसांखाली झाकल्या जाणाऱ्या जागी, त्यांनी त्या चारांच्या ऐवजी चार बारीक सोन्याचे मणी ओवले. एकूण किती मोती ते त्यांनी माझ्याकडून मोजून घेतले आणि गुलाबी कागदावर लिहून दिले. तो कागद आता तन्मणीच्या पिशवीत असतो. त्यावर मी खाली आईचे नाव आणि २००५ हे साल लिहिले आहे.

तन्मणी आता लॉकरात नाही. दिवाळीला मी घालते आणि पाडव्याला मुलगी. मोती पिवळटच आहेत. ते उजळले असे म्हणणार नाही, पण आणखी उतरलेलेही नाहीत. गेल्या पाडव्याला मुलीने तो उतरवला, मी न सांगता ओल्या मलमलीने पुसला, पदर सारून दोरा पाहिला आणि मोजायला बसली. आकडा कागदाशी जुळला.

मंडळी, या शनिवारी बँकेत एक फेरी मारा. पिशवी उघडा. आणि आधी मोजा.